४७ दिवस

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. इंदिरानगर, नाशिक.

सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर चांगलीच थंडी, आणि परत वर येईपर्यंत डोक्यात एकच हिशोब चालू होता. माझं सॉफ्टवेअरच्या कामाचं कॉन्ट्रॅक्ट ३१ डिसेंबरला संपतंय, म्हणजे आजपासून ४७ दिवस. पुढचं काम आत्ता शोधायला लागू की थांबू, इतकाच प्रश्न आहे पण गेला आठवडाभर झोपताना तोच.

आज कॉलवर मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, "होईल रे एक्स्टेंशन, ९९ टक्के, मी आहे ना." हे ९९ टक्के मी आधी एकदा ऐकलंय, दुसऱ्या एका कंपनीत. तिथे २२ डिसेंबरपर्यंत होईल होईल चाललं होतं आणि मग एका संध्याकाळी कळलं की क्लायंटचं बजेटच गेलं. अडीच महिने घरी बसलो. आई शेजारच्या काकूंना सांगायची, वर्क फ्रॉम होम चालूय त्याचं. मार्चमध्ये मग जे पहिलं आलं ते घेतलं, रेट आधीपेक्षा पाचवा हिस्सा कमी, कारण घासाघीस करायची ताकदच उरली नव्हती आणि समोरच्याला ते फोनवर पण कळतं बहुतेक.

त्यानंतर शहाणपणा म्हणून पुढच्या वेळी तीन महिने आधी सुरुवात केली तर ते पण फसलं. दोन राउंड क्लिअर झाले, तिसऱ्यात बाई म्हणाल्या, "सोमवारपासून येऊ शकाल?" मी म्हटलं तीन महिन्यांनी, तर त्यांचा आवाजच बदलला. बरोबरच आहे म्हणा. पर्मनंटवाल्याच्या ९० दिवसांच्या नोटीससाठी कंपन्या थांबतात, कॉन्ट्रॅक्टवाल्यासाठी कशाला थांबतील, आपल्याला बोलावतातच मुळी घर पेटल्यावर.

त्यात पैशाचं गणित वेगळंच. माझं पेमेंट नेट फॉर्टीफाइव्ह, म्हणजे महिनाअखेरीस इन्व्हॉइस दिल्यावर ४५ दिवसांनी, ते पण १० टक्के टीडीएस कापून. डिसेंबरच्या बिलाचे पैसे १४ फेब्रुवारीला येणार. नवीन काम १ जानेवारीला चालू झालं आणि तिथेही अशीच टर्म असली तर त्यांचा पहिला पैसा १७ मार्चला. आणि आमच्यासारख्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करपद्धतीत आपला सगळा ॲडव्हान्स टॅक्स एकरकमी भरायचा तो १५ मार्चला, म्हणजे पैसे यायच्या बरोब्बर दोन दिवस आधी! आणि काम १ फेब्रुवारीला चालू झालं तर १४ एप्रिल उजाडतो. एक महिना रिकामा गेला की दोन महिने खात्यात रुपया नाही. बायकोला हे कागदावर काढून दाखवलं तर तिने शांतपणे फ्लॅटच्या हप्त्याची तारीख बाजूला लिहिली.

एंड क्लायंट, म्हणजे काम शेवटी ज्याच्यासाठी चालतं तो, अमेरिकेतला, त्यामुळे त्यांचं कॅलेंडर पण बघावं लागतं. २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग, त्यांचा मोठा सण, ती लोकं तिकडून जी सुट्टीच्या मूडमध्ये जातात ती थेट जानेवारीतच भानावर येतात, नवीन बजेट तेव्हा उघडतं पण सह्या व्हायला अर्धा महिना जातोच. म्हणजे १ जानेवारी गाठायची असेल तर इंटरव्ह्यू डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकले पाहिजेत. थांबायला जागाच नाहीये खरं तर.

दुपारी पिंपळगावच्या मामांचा फोन आला. १० ऑक्टोबरला द्राक्षाच्या बागेची छाटणी घेतलीय, घड फुलोऱ्यात आहेत, डावणी रोगाच्या भीतीने फवारणी चालूय, मला म्हणाले तुझ्या कॉम्प्युटरात बघून सांग पाऊस आहे का. मी सहज विचारलं, मामा तुम्ही छाटणीची तारीख कशी ठरवता? म्हणाले, "उलटं मोजायचं. माल कधी काढायचा ते आधी ठरवायचं आणि तिथून १२०-१२५ दिवस मागे यायचं. बागलाणातले तर लई आधी घेतात, त्यांना भाव सापडतो पण पावसाचा जुगार असतो तो." मग मी माझं ९९ टक्क्यांचं सांगितलं. ते हसले. "अरे व्यापारी बागेत येऊन दोन मणी खाऊन गेला म्हणजे सौदा झाला का? विसार दिला का त्याने?"

नाही दिला. पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, आलेला नाही, मेल सुद्धा नाही, जे काय आहे ते तोंडी.

तर मॅनेजरला सरळ सांगायचं ठरवलं की ५ डिसेंबरपर्यंत पीओ आला नाही तर मी दुसरीकडे हो म्हणणार. तीनदा टाईप केलं, तीनदा खोडलं. कारण एकदा असंच प्रामाणिकपणे सांगितलं होतं आणि आठवड्यात माझ्या शेजारी एक फ्रेशर आणून बसवला, याला केटी दे, म्हणजे तुझं सगळं काम शिकव म्हणून. आणि समजा मी दुसरीकडे शब्द दिला आणि २० डिसेंबरला यांचं एक्स्टेंशन आलं तर? इथला कोड माझा आहे, टीम चांगलीय, रेट पण बरा. शब्द फिरवायचा नाही असं आज वाटतंय, त्या दिवशी काय वाटेल कोण जाणे.

शेवटी मॅनेजरचं सोमवारवर ढकललं आणि जुन्या चार कलीग्सना व्हॉट्सॲप टाकला. जॉब आहे का वगैरे नाही, फक्त एवढंच की जानेवारीपासून मोकळा होतोय, डेटा पाइपलाइनचं काही कानावर आलं तर कळव. अर्धा तास फोन उलटा ठेवून बसलो. तिघांच्या नुसत्या निळ्या टिका. चौथ्याचा रिप्लाय आला, "अरे मीच शोधतोय, तुझ्याकडे काही असेल तर सांग." त्याचं पण ३१ डिसेंबरलाच संपतंय.