तुम्ही विचारलंत म्हणून: मधला दुभाष्या

चर्चबाहेरची मंडळी मला फिरून फिरून एकच विचारतात, “तुमच्यात माफ करायलाच सांगतात ना? मग समोरच्याला केल्याचं काहीच वाटत नसेल, तरी त्याला जवळ करायचं?”

मला दर वेळी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ आठवतो. १७ वर्षांचा होता, तेव्हा भावांनी त्याला चांदीच्या २० शेकेलांना विकलं. संडेस्कूलमध्ये आम्ही शिकलो की योसेफ म्हणजे ख्रिस्ताची छाया, पुढे येणाऱ्या येशूची आधीच दिसलेली खूण. हा २० नाण्यांना विकला गेला, येशू ३० नाण्यांना. ते मी आजही मानते. पण उपदेशात आपण विक्रीवरून एकदम भावांच्या मिठीवर येतो, आणि मधली २२ वर्षं गळून पडतात.

मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, अधिकारी झाल्यावर त्याने थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं. देवाने मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं, असा अर्थ त्यानेच सांगितला. म्हणजे मनातून त्याने सोडून दिलं होतं. तरी दुष्काळात भाऊ धान्याला आले, तेव्हा त्याने ओळख दिली नाही. भाषा एकच, पण मध्ये दुभाष्या ठेवला. भाऊ आपसात जुन्या पापाबद्दल बोलले ते त्याला कळलं. बाजूला जाऊन रडला, आणि परत येऊन त्यांच्यातल्या शिमोनाला बांधलं.

मला वाटतं, त्याला एकच बघायचं होतं. बापाचा आताचा लाडका, धाकटा भाऊ बन्यामीन अडकला तर हे भाऊ काय करतात? म्हणून त्याच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवायला लावला. तेव्हा पुढे आला यहूदा. योसेफाला विकू या, असं म्हणणारा तोच. पोराला जाऊ द्या, त्याच्या जागी मी गुलाम राहतो, म्हणाला. बाराव्या शतकातला यहुदी पंडित मैमोनिदीस पश्चात्तापाची खूण हीच सांगतो: तीच संधी पुन्हा आली आणि माणसाने ते पाप केलं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या वंशावळीत येशू याच यहूदाच्या वंशातला. आमच्या उपदेशांत त्याला इतकी थोडी जागा का, हे मला खरंच बोचतं.

यहूदाचं बोलणं संपलं आणि योसेफाने सगळ्यांना बाहेर काढलं. दुभाष्याही गेला. “मी योसेफ. बाबा अजून आहेत ना?” भावांच्या तोंडून शब्द फुटेना. बघा, माझंच तोंड तुमच्याशी बोलतंय, असं त्याला सांगावं लागलं.

आमच्या घरी दुभाष्या आई होती. जमिनीवरून थोरल्या भावाशी माझं बोलणं सहा वर्षं तुटलं होतं. “त्याला सांग”, “तिला विचार”, एवढंच. मी रोज प्रार्थनेत त्याला क्षमा करत होते, मनापासून. आणि त्याचा फोन आला की आईकडे देत होते. एका नाताळात तो दारात उभा राहिला. “हक्कसोडपत्रावर तुझी सही मी फसवून घेतली गं.” आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. क्षमा मी एकटीने केली होती. जवळ येणं त्याच्या त्या वाक्यावाचून झालं नसतं.

मिसरात १७ वर्षं काढून त्यांचा बाप याकोब वारला, तेव्हा भावांना पुन्हा धास्ती वाटली. त्यांनी योसेफाला निरोप पाठवला: बाबा सांगून गेलेत, क्षमा कर. तिथला हिब्रू शब्द ‘नासा’, म्हणजे उचलणं, वाहून नेणं. निरोप ऐकून योसेफ रडला. इतक्या वर्षांनी पुन्हा मध्ये निरोप. मग भाऊ स्वतः आले, पाया पडले. ‘मी क्षमा केली’ हे शब्द योसेफाच्या तोंडी कुठेच नाहीत. भिऊ नका, म्हणाला, तुम्हाला आणि तुमच्या लेकराबाळांना मी पोसीन.