पिठी-भात

कोकणात ज्या घरी रात्रीला कालवण काय करावे हा प्रश्न सुटत नाही, त्या घरी कुळथाची पिठी होते. निदान आमच्या लहानपणी तरी तसेच होते. आषाढातल्या धुवाधार पावसात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत, परसातल्या वेलांना अजून काही धरलेले नसे आणि बाजार गाठायची सोय नसे, अशा दिवसांत आई फडताळातून पिठाचा डबा काढी आणि आम्ही भावंडे ‘आज परत पिठीच?’ म्हणून तोंडे वाकडी करीत असू. त्याच पिठीची आता कामावरून परतताना ओढ लागते.

बालपणीचे पदार्थ पुन्हा करायचे म्हणजे सुट्टीचा दिवस आणि वाटपाचा पसारा, असे आपण धरून चालतो. पिठीच्या बाबतीत ते खरे नाही, कारण हा पदार्थ मुळातच दमून घरी आलेल्या माणसांचा आहे. चौघांसाठी अर्धी वाटी पीठ पुरते. तेलात मोहरी तडतडली की ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत परतावा, त्यावर हिंग, हळद आणि हिरवी मिरची घालून चार वाट्या पाणी, मीठ आणि तीन-चार आमसुले टाकावीत. पीठ मात्र त्यातल्याच थोड्या गार पाण्यात आधी कालवून घ्यावे आणि फोडणीचे पाणी कोमट असतानाच धार धरून ओतावे. उकळत्या पाण्यात कोरडे पीठ पडले, तर ज्या गुठळ्या होतात त्या मोडता मोडत नाहीत. सुरुवातीला टोपात नुसते मातकट पाणी दिसते. मग हळूहळू डाव तळाशी जड लागू लागतो, कडेने बुडबुडे रटरटू लागतात, कच्चा वास जाऊन भाजक्या कुळथाचा खमंग वास सुटतो, आणि तेव्हा गॅस बंद करून वर मूठभर ओले खोबरे भुरभुरावे. दहा-पंधरा मिनिटांपलीकडे काम नाही.

हा झटपटपणा अर्थात फुकटचा नाही. त्याचे कष्ट कोणीतरी आधीच उपसलेले असतात. भातकापणीनंतर शेतात जी ओल उरते, तिच्यावर थंडीत कुळीथ वाढतो आणि त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. पण पुढे तो झोडायचा, भाजायचा, जात्यावर भरडायचा, सुपात पाखडून टरफले उडवायची आणि मग दळायचा, हे सगळे उन्हाळ्यात घरच्या बायकाच करीत. आता बचत गटातल्या बायका ते करतात आणि आपण पाकीट विकत घेतो. ते पाकीट महाग वाटले, तर एकदा स्वतः कुळीथ पाखडून पाहावा.

खरी अडचण उकड्या तांदळाच्या भाताची आहे, कारण तो शिजायला पिठीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो. त्यावर उपाय म्हणजे सकाळी घराबाहेर पडतानाच तांदूळ भिजत घालावेत आणि संध्याकाळी कपडे बदलण्यापूर्वी कुकर चढवावा. तोंडी लावायला भाजलेला सुका बांगडा असावा हे खरे, परंतु फ्लॅटमध्ये तो गॅसवर भाजला की वरच्या मजल्यापर्यंत वर्दी जाते. त्यामानाने सुका जवळा सोयीचा. तव्यावर कुरकुरीत करून त्यात चिरलेला कांदा, खोबरे आणि आगळाचे थेंब कालवले की किसमूर तयार. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि ताजी मासळी मिळालीच तरी परवडत नाही, तेव्हा तर याला तोड नाही. मासे न खाणाऱ्यांनी पोह्याचा पापड घ्यावा.

१०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे हे गरिबाचे कालवण पोषणातही कमी नाही. हल्ली मालवणी थाळीच्या हॉटेलांत छोट्या वाटीत, वर मलईसारखा नारळाचा रस सोडलेली पिठी मिळते. ती वाईट नसते; मात्र पिठी वाटीने चाखायची नसून भातावर ओतून, वर तुपाची धार सोडून कालवायची असते, हे तिथे कोणाच्या लक्षात येत नसावे.

रात्री उरलेली पिठी सकाळपर्यंत आळून घट्ट होते. तिच्यात थोडे गरम पाणी घालून ती सैल केली की तांदळाच्या भाकरीबरोबर फार चांगली लागते, त्यामुळे मी हल्ली पीठ कालवतानाच मुद्दाम एक चमचा जास्त घालतो.