आप्पांचा वाकस आणि ६९,७२५ कोटी

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं तेव्हा आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुमाकूळ, तिरंगे, तोफा, महाराजांच्या आरमाराची चित्रं, आणि एकाने तर ठोकूनच दिलं की आता नौदलाला एवढ्या पैशाच्या युद्धनौका मिळणार. मी आपलं लिहिलं की बाबांनो, हे नौदलाच्या खरेदीचे पैसे नाहीत, ह्यातले २४,७३६ कोटी मुख्यतः आपल्या यार्डांना जहाज बांधायला बाहेरच्या देशांपेक्षा जो जास्त खर्च येतो तो थोडा भरून काढायला, २५,००० कोटींचा फंड भांडवल आणि कर्जाच्या सोयीसाठी, आणि उरलेले १९,९८९ कोटी यार्ड वाढवायला, नवी क्लस्टर, म्हणजे यार्डांचे समूह, उभी करायला वगैरे. युद्धनौका आणि कोस्ट गार्डच्या बोटी येतात त्या संरक्षण खात्याच्या बजेटमधून. अर्थात कोणी वाचलं नाही, खाली लगेच गुड मॉर्निंग आलं.

मग मी आप्पांकडे गेलो. आप्पा आमच्या वाडीतले शेवटचे होडी बांधणारे, ऐंशीच्या पुढे गेलेत. त्यांना आकडा वाचून दाखवला तर सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पैशान बोट तरंगता काय रे? हात खय आसत ता सांग आधी."

तेव्हा हसलो मी. पण घरी येऊन जरा वाचत बसलो तर लक्षात आलं की म्हातारा नेमकं बोललाय.

१९८१ मध्ये आपण पश्चिम जर्मनीतल्या एका कंपनीशी पाणबुड्यांचा करार केला. दोन तिकडे कीलला बांधल्या, दोन मुंबईत माझगाव डॉकमध्ये, आणि त्यासाठी आपली माणसं जर्मनीला जाऊन शिकून आली. पाणबुडीचं वेल्डिंग म्हणजे काही गेटची ग्रिल नव्हे, शेकडो मीटर पाण्याचा दाब त्या सांध्यांवर येतो, सांध्यांचे एक्स-रे काढून बघतात, कुठे बारीकशी हवेची पोकळी दिसली की परत खरवडा आणि परत भरा. असे हात तयार व्हायला वर्षं जातात. 'शल्की' १९९२ ला नौदलात आली, 'शंकुल' १९९४ ला. मधल्या काळात त्या कराराच्या दलालीवरून मोठा गदारोळ झाला होता आणि पुढच्या पाणबुड्या काही झाल्या नाहीत. लाइन बंद. शिकलेली माणसं पांगली, कोणी दुसऱ्या कामाला लागलं, कोणी रिटायर झालं. पुढचा करार, सहा पाणबुड्यांचा, थेट २००५ मध्ये फ्रेंचांशी, आणि त्यातली पहिली 'कलवरी' नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये. म्हणजे मुंबईत बांधलेल्या दोन पाणबुड्यांच्या मध्ये २३ वर्षं, आणि पहिल्या वेळचं शिकलेलं बरंचसं परत पहिल्यापासून. फी दोनदा भरली म्हणा ना. त्या सहातल्या एकीचं नाव 'खांदेरी' आहे, आपल्या अलिबागजवळच्या थळसमोरच्या खांदेरी किल्ल्यावरून, त्याचा अभिमान मलाही आहेच, पण जानेवारी २०२५ मध्ये सहावी 'वागशीर' नौदलात गेली त्या दिवशी पुढच्या सहांचा करार झालेला नव्हता, हे वाचून पोटात गोळा आला.

आप्पांच्या अंगणातही हेच झालंय, फक्त लहान मापाने. मी शाळेत होतो तेव्हा त्यांच्याकडे कायम एक तरी होडी चढवलेली असायची. नकाशा वगैरे काही नाही, दोरी आणि डोळा. आधी पठाण, म्हणजे होडीचा कणा, मग बरगड्या, मग फळ्या. फळी वाकवायची तर खाली सुकी झावळं पेटवायची, वरून ओलं फडकं फिरवत राहायचं, टोकाला जांभ्याचा दगड बांधायचा आणि वाट बघायची, घाई केली की फळी 'कडाड' करून फुटते. वाकसाने लाकूड तासताना आवाजावरून सांगायचे की आत कुठे किडलंय. हाताखाली चौघं असायची. मग फायबरच्या बोटी आल्या, वर्षाला तीनच्या जागी एक, मग दोन वर्षांत एक, आणि चौघांतला एक मुंबईला वॉचमन, एक आंब्याच्या पेट्या करतो, दोघं गेले. आता कोणी लाकडी होडीचे पैसे घेऊन दारात आलं तरी आप्पा एकट्याने काय करणार?

जाऊ दे, आमच्याकडे ही जुनीच गोष्ट आहे. वाघोटण खाडीत गिर्येजवळ मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे, खडक तासून केलेली, शंभर मीटरच्या वर लांब. आता ओहोटीला चिखल, वर करवंदीची जाळी, आणि कॉलेजची पोरं रील काढायला येतात. विजयदुर्गाचं आंग्र्यांचं आरमार १७५६ मध्ये जळलं ते इंग्रज आले म्हणून, पण पेशवेही तेव्हा त्यांच्याच बाजूने होते, हे आम्ही पाहुण्यांना किल्ला दाखवताना जरा भरभर सांगतो. आणि गंमत बघा, १९७६ मध्ये नौदलात 'विजयदुर्ग' नावाची युद्धनौका आली, पाठोपाठ 'सिंधुदुर्ग', नावं आमची आणि बांधलेल्या सोव्हिएत रशियात.

त्या मानाने आज खूप बरं चाललंय हे मान्यच करायला हवं. मला स्वतःला मोठ्या आकड्यांपेक्षा बारक्या ऑर्डरी जास्त आवडतात. जानेवारी २०२४ मध्ये कोस्ट गार्डसाठी १४ फास्ट पेट्रोल व्हेसलची, म्हणजे गस्तीच्या वेगवान बोटींची, ऑर्डर माझगाव डॉकला गेली, साधारण १,०७० कोटींची, म्हणजे एकेक बोट पाऊणशे कोटींच्या आसपास. विमानवाहू जहाजापुढे किरकोळच, पण एकासारखी एक चौदा जहाजं! पहिलीत झालेली चूक तिसरीत होत नाही, सातवीपर्यंत पोरगा डोळे झाकून पाइप बसवतो. आणि ह्या बोटींची किंमत आम्हाला विचारा. १९९३ ला रायगडातल्या शेखाडीला मुंबईच्या स्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते ह्याच किनाऱ्यावर.

इंजिनाचं दुखणं मात्र आहेच. पत्रा आता आपला, युद्धनौकेचं डीएमआर २४९ए जातीचं स्टील 'सेल' ही सरकारी कंपनी बनवते, पण मोठ्या जहाजांचं धूड हलवणारी गॅस टर्बाइनं युक्रेनच्या नाहीतर अमेरिकेच्या घराण्यातली. एप्रिल २०२५ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला ६ मेगावॅटचं मरीन डिझेल इंजिन तयार करायचं काम मिळालं, २७० कोटींचं, त्यातले ७० टक्के सरकार देणार. आमच्या विहिरीवरचं किर्लोस्कर आजोबांच्या काळातलं आहे आणि अजून हँडल मारल्यावर सुरू होतं, त्यामुळे माझा थोडा पक्षपात समजून घ्या.

आप्पांचा नातू आयटीआयचा वेल्डर. एका यार्डात, नाव नको, ठेकेदाराकडून लागला होता. जहाज पाण्यात गेलं, मालकाने फोटो काढले, पेढे वाटले आणि पुढच्या आठवड्यात ह्याला सांगितलं, आता काम आलं की बोलवतो. तेव्हापासून देवगडात गेट आणि खिडक्यांचे गज जोडतोय. मी आप्पांना म्हटलं, वेल्डिंग ते वेल्डिंगच की. तर वाकसाची धार अंगठ्याने बघत म्हणाले, "तसा नसता. एकदा हात सुटलो की सुटलो."

परवा त्याला ठेकेदाराचा फोन आलाय, परत बोटीचं काम, सहा महिन्यांचं. लगेच ये म्हणतात. घरात सध्या एवढाच वाद चाललाय की शिमग्याची पालखी घरी येईपर्यंत थांबायचं की आधीच निघायचं.