बायपासनंतरची कपालभाती

बायपासला १९ दिवस झाले होते. काका खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मॅडम, कूस बदलली की छातीत टक् वाजतं." ताप नव्हता, जखम कोरडी, दुखणंही फारसं नाही. छातीच्या मधल्या हाडावर बोटं ठेवून मी त्यांना हलकंसं खोकायला सांगितलं. खालच्या बाजूला दोन कडा बोटांखाली सरकल्या.

त्या दिवशीचा व्यायाम तिथेच थांबवला आणि सर्जनना फोन लावला. एक्स-रेत हाड बांधणाऱ्या तारा जागेवर होत्या, छातीला पट्टा बांधण्यावर निभावलं.

"काका, घरी काय काय करता?"

"काही नाही हो. चार दिवसांपासून कपालभाती. तीही हळूच, पन्नासच."

ऑपरेशनसाठी उभं कापलेलं हे हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. ते सांधायला ६ ते ८ आठवडे लागतात, पुरतं बळकट व्हायला साधारण १२. तोवर सगळी भिस्त तारांवर. कपालभातीच्या प्रत्येक झटक्याला पोटाचे स्नायू खालच्या फासळ्या आणि त्या हाडाचं टोक ओढतात, वर छातीतला दाबही वाढतो. म्हणजे छातीशी आधाराला उशी न धरता पन्नासदा खोकण्यासारखंच. काकांना मधुमेह, त्यामुळे हाड भरायलाही वेळ जास्त.

पण माझा संशय एकट्या कपालभातीवर नव्हता. त्यांना कॉटवर झोपून उठायला सांगितलं, तर एका हाताने कठडा धरून सरळ वर खेचलं स्वतःला! डिस्चार्ज कार्डावर 'वजन उचलू नये' असतं, पण स्वतःचं सत्तर किलो कोण मोजतं? मग उठणंच शिकवलं. गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, पाय कॉटखाली सोडायचे, कोपरं फासळ्यांना चिकटवून श्वास सोडत उठायचं. पाच वेळा करून घेतलं. तिसऱ्यांदा हात पुन्हा कठड्याकडे गेलाच.

योग बंद केला नाही. खुर्चीत बसून अनुलोम-विलोम पाच मिनिटं, कुंभक अजिबात नाही, कारण श्वास कोंडला की रक्तदाब चढतो. शवासन पाठीमागे तीन उशा लावून. सूर्यनमस्कार, भुजंगासन, धनुरासन तीन महिने नाही. चालणं पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा, झेपेल तसं दर दोन दिवसांनी एकेक मिनिट वाढवायचं. नाडी मोजून वेग ठरवायचा नाही, ठोके मंद ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळीमुळे ती वाढतच नाही नीट. चालताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता यायला हवं. छातीत दडपण, चक्कर किंवा धडधड झाली तर थांबायचं आणि कळवायचं. जखमेतून पाणी आलं किंवा टक् आवाज वाढला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

बाराव्या आठवड्यात पुन्हा बोटं ठेवली, काहीच सरकलं नाही. सर्जनना विचारून ताडासन सुरू केलं, हात फक्त खांद्याच्या उंचीपर्यंत.