आमची वाटचाल : घडी आमची, नाव त्यांचं

आमच्या दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक खणाची पिशवी हातात घेतं, उलटीपालटी करतं आणि म्हणतं, "ही तर आम्ही पुण्यात बघितली." पूर्वी मी भांडायचे. आता चहा सांगते आणि पिशवीवरचं झाकण, म्हणजे फ्लॅप, उघडून आतली बाजू दाखवते. तो फ्लॅप कापून काढलेला नाही, घडी घालून केलेला आहे. त्या घडीपायी जे काही झालं ते एकदा लिहून काढायचंच होतं.

सुरुवात २००८ची. कोल्हापूर, शाहूपुरी, घराची मागची खोली, आईचं पायाचं मशीन. भागीदार म्हणजे शेजारच्या काकू. कागदबिगद काही केला नव्हता. "फायदा झाला तर निम्मा-निम्मा, तोटा झाला तर तुझा," एवढाच करार. काकूंना कटिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण जन्मभर वाकळा शिवलेल्या. पट्टी नाही, खडूची रेघ नाही, अंगठ्याच्या पेराने अंतर धरायच्या आणि धावदोरा असा घालायच्या की उलटी बाजू कुठली, सुलटी कुठली, सांगता येऊ नये. आज माझ्याकडे चार बायका आहेत. चौघी काकूंच्या हाताखाली तयार झाल्या, आणि चौघींचा टाका मी नुसता बोट फिरवून ओळखते.

पुढची पाच वर्षं पिशव्या शिवल्या, विकल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मला चित्रांचा नाद शाळेपासून. चित्रकलेची इंटरमिजिएट दिली, पुढे काही केलं नाही, पण वही सुटली नाही. कुठे गेले की बसकण मारून काढायचं. पन्हाळ्याचा तीन दरवाजा, रंकाळ्यातला संध्यामठ, जोतिबाच्या वाटेवरची रसवंतीगृहंसुद्धा. एप्रिल २०१४मध्ये अंबाबाईच्या महाद्वाराजवळ एका ओटीच्या दुकानासमोर बसले होते. खणांच्या त्रिकोणी घड्यांची चळत, शेजारी नारळ. पण दुकानदार दर दोन मिनिटांनी वरची घडी उचलून द्यायचा आणि फावल्या वेळात नवीन घालून ठेवायचा. चळत काही जाग्यावर राहीना. शेवटी पेन ठेवलं आणि त्याचे हातच बघत बसले.

खणाचं काम करणाऱ्यांना माहीत आहे, पन्हा म्हणजे रुंदी लहान आणि दोन्ही कडांना काठ. गुळेदगुड्डहून येणारा चांगला खण कापायला जीव धजत नाही, कारण कसाही कापला तरी काठाचे तुकडे वाया जातात. त्या माणसाने काठ वरच्या अंगाला धरला, मध्यावर बोट ठेवलं आणि दोन्ही टोकं खाली आणली. दोन्ही काठ मधोमध येऊन एकमेकांना टेकले. बाजूच्या तिरक्या कडा नुसत्या घडीच्या. त्यांना दुमड नको, पाइपिंग नको, काही नको. हाच त्रिकोण उलटा केला की पिशवीचा फ्लॅप! वहीत त्या चित्राखाली मी घडीच्या चार पायऱ्या काढल्या आणि तारीख घातली. ही तारीख पुढे येणार आहे.

घरी येऊन केलं तर पहिल्या तीन पिशव्या वाकड्या झाल्या. तिरकं कापड ताणतं, आठवड्याभरात फ्लॅपचं टोक लोंबायला लागलं. मग आत बकरमची, म्हणजे खळ दिलेल्या कडक कापडाची, बारीक पट्टी सरळ धाग्यात घातली आणि वरून काकूंचा धावदोरा. तेव्हा कुठे बसलं. सुई सोळा नंबरची. चौदा घातली की बकरम आणि घडीचे थर एकत्र आले तिथे मोडते. नवीन मुलींना सांगते, फोम घालू नका. फोमने पिशवी दुकानात फुगलेली छान दिसते आणि सहा महिन्यांत तिची उशी होते. आणि चेन मीटरवर घेता तेव्हा तिच्यावर सरकणारा रनर वेगळा निवडून घ्या. पिशवी कापडामुळे टाकली जात नाही, रनरमुळे टाकली जाते.

सातवी पिशवी इचलकरंजीच्या एका शिक्षिका बाईंनी घेतली. साडेतीनशे रुपये. घासाघीस केली नाही, पण आतलं अस्तर ओढून बघितलं, शिवणीत नख घालून बघितलं, आणि म्हणाल्या, "फाटली तर आणून टाकीन हं." तेव्हापासून दर दिवाळीला एक पिशवी नेतात, आणि ती सातवी मात्र दुरुस्तीला आणतात. तिचे बंद दोनदा बदलले, अस्तर एकदा. इतक्या पैशात तीन नव्या आल्या असत्या. मी म्हटलं तर म्हणतात, "माझ्या नवऱ्यालाही बदलून घेता आलं असतं."

२०१६मध्ये लेकीच्या बाळंतपणाला हॅलिफॅक्सला गेले. कॅनडाचा पूर्व किनारा, बाहेर गुडघाभर बर्फ. लेकीने मला कंटाळा येईल म्हणून चर्चच्या हॉलमध्ये गालिचे करणाऱ्या बायकांच्यात नेऊन बसवलं. तिथे चौकटीवर ताणलेलं काय, तर आपलं तरट! जुन्या लोकरी कोटांच्या पाव इंची पट्ट्या कापायच्या, पट्टी तरटाखाली डाव्या हातात धरायची आणि वरून लाकडी मुठीच्या आकड्याने एकेक फासा वर ओढायचा. गाठ नाही, सुई नाही. फासे एकमेकांना दाटून धरतात म्हणून टिकतात. बंगालच्या तागाची पोती तिकडे एकोणिसाव्या शतकात पोचली, रिकामी झाली, आणि कोळ्यांच्या बायकांनी ती उसवून त्यावर जुन्या कपड्यांचे गालिचे ओढले. आपण त्याच पोत्यांची पायपुसणी केली. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत मी दोन पूर्ण केले. एकीने निघताना आपला आकडा मला दिला. खिळा घासून केलेला, मूठ हाताने गुळगुळीत झालेली.

तो आकडा घेऊन शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांकडे गेले. त्यांनी तो उजेडात धरला. "वैनी, ह्यो तर चपलवाल्यांच्या आरीचा मोठा भाऊ." तसाच करायला सांगितला, आणि त्यांनी केलेला मी तीन वेळा परत पाठवला. पहिल्याचं टोक पट्टीला चिरायचं. दुसऱ्याची खाच इतकी खोल की फासा सुटेना. तिसऱ्याची मान जाड, तरटाची भोकं मोठी व्हायला लागली. चौथा जमला. पुढे तसले आठ करून घेतले, आणि मामांनी पैसे फक्त चौथ्यापासूनचे घेतले.

लोकरी कोट इथे कुठून आणायचे? जुनी घोंगडी घेतली. दख्खनी मेंढीची लोकर राठ, पण काळा, करडा, पांढुरका हे रंग तिचे अंगचेच. चिंचोक्याची खळ निघेपर्यंत कोमट पाण्यात तीनदा धुवायची, नाहीतर पट्टी आकड्याला अडते. आणि प्रत्येक भोकात फासा ओढू नका. हावरटपणा केला की गालिचा पापडासारखा वर वळतो. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाचं माझं एक स्केच होतं. वर आभाळाला उघडं तेरा फुटी गोल छत, भोवती बारा खांब. तोच गोल चार फुटी गालिचात ओढायला घेतला. मध्ये पांढरी लोकर, कडेला काळी.

हे चाललेलं असतानाच, २०१८च्या मार्चमध्ये, ते गृहस्थ आले. पुण्यात मोठं दुकान, बोलणं साखरेचं. तीनशे पिशव्यांची ऑर्डर देतो म्हणाले, आधी बारा नमुने हवेत, बारा रंगांत. मी दिले. फुकट दिले, हा माझा गाढवपणा. एक पिशवी माझ्यासमोर उलटी केली, घडी कशी घातली ते विचारलं, आणि मी बाई कौतुकाने चार पायऱ्या करून दाखवल्या! काकू मागून डोळे मोठे करत होत्या. मला वाटलं, चहा गार होतोय म्हणून.

मग दर कमी करा, मग आणखी कमी करा, मग फोन उचलेनात. दिवाळीत प्रदर्शनाला स्टॉल लावला तर एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "अगं, यांनी त्यांची कॉपी केलीय." संध्याकाळी जाऊन मी त्या पुण्याच्या गृहस्थांची पिशवी विकत घेतली. पॉलिस्टरवर छापलेला खण. त्रिकोण होता, पण कापलेला, काठ तिरक्या कडांवर छापलेला. आणि धावदोरा? तोसुद्धा छापलेला! काकूंनी चष्मा लावून नखाने तो टाका उचलायचा प्रयत्न केला. दोनदा केला. मग पिशवी खाली ठेवली आणि त्या दिवशी परत मशीनवर बसल्या नाहीत. मला नुकसानीपेक्षा ते जास्त लागलं. सव्वा वर्ष झालं नाही तोवर काकू गेल्या. त्याचा याच्याशी संबंध नाही, पण माझ्या डोक्यात तो जुळलेला आहे.

लेकीने सांगितलं, तुझ्या वहीत तारीख आहे ना, फोटो काढून सगळ्यांना दाखव. मी म्हटलं, बघू सीझन झाल्यावर.

ऑगस्ट २०१९. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी त्रेचाळीस. शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा आम्ही आधी कुंभार गल्लीतल्या मूर्ती उचलायला धावलो, गणपती तोंडावर होते. परत येईतो आमच्या गल्लीत कमरेएवढं. सहा दिवसांनी दार उघडलं. किरमिजी खणाने हिरव्याला, हिरव्याने पिवळ्याला रंग दिलेला. तयार एकशे चाळीस पिशव्या एका रंगाच्या झालेल्या, तो रंग मला सांगता येत नाही. मशीनच्या शटलमध्ये गाळ. रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून तीन मशीनं वाचली, एकाची मोटर गेली. आईचं पायाचं मशीन मात्र पुसलं, तेल घातलं आणि चाललं.

स्वर्गमंडपाचा गालिचा चौकटीवर तसाच होता. धुतला तर लोकरीला काही झालेलं नाही, काळी काळी, पांढरी पांढरी. उचलायला गेले आणि तरट हातात चिंधीसारखं फाटलं. ताग सहा दिवस पाण्यात कुजला होता. फासे सगळे घमेल्यात.

आणि वही. मी आधी पेन्सिलने काढते, मग शाईपेनाने. पानं वाळवली तर पेन्सिल जशीच्या तशी. चळत, नारळ, घडीच्या चार पायऱ्या. शाई मात्र फिकट निळा ढग होऊन पसरलेली. तारीख त्याच शाईत. तेव्हा, चित्र कशानेही काढा, तारीख पेन्सिलने घाला.

त्या वेळी बंद करायचंच ठरवलं होतं. बँकेचा हप्ता, वर ओला माल. दहाव्या दिवशी इचलकरंजीच्या बाई आल्या, रस्ता नुकता सुरू झालेला. त्यांच्या दिरांचे माग आहेत. मी घमेलं दाखवलं, तरटाची रड सांगितली. त्यांनी गालिच्याच्या मागचं भोक मोजलं आणि दिराला फोन लावला. आठवड्यात वीस मीटर सुती मॅटी, म्हणजे तरटासारख्या उघड्या विणीचं कापड, विणून आली, इंचाला बारा जोडधागे. पैसे मार्चनंतर द्या म्हणाले. तेव्हापासून आमचे गालिचे मॅटीवरच आहेत. २०२१च्या पुराला सगळं पहिल्या मजल्यावर होतं, फक्त पायऱ्या धुवाव्या लागल्या.

मागच्या महिन्यात त्या बाई परत आल्या, सातवी पिशवी घेऊन. मला एकदम आठवलं. पहिल्या दहा पिशव्यांच्या अस्तरात मी नंबर आणि तारखेची चिंधी शिवली होती! घाईने कड उसवली. चिंधी होती. '७' दोऱ्याने भरलेला, स्पष्ट. खाली तारीख स्केचपेनने लिहिलेली, त्या जागी गुलाबी डाग.

बाई म्हणाल्या, "काय शोधतेस? रनर वरच्या चेनचा गेलाय. आणि या वेळी पितळी घाल."

पितळी घातला.