आमची वाटचाल: आधी माप, मग किट

अमळनेरात आमच्या ट्रॅक्टर इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपची सुरुवात एका लेथवर झाली. बोरिंग (सिलिंडरचं भोक नव्या मापाला कापणं) आणि क्रँक ग्राइंडिंग (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा घासून मापात आणणं) तेव्हा बाहेरून करून आणावं लागे, आज दोन्ही घरचंच आहे. पण कामाला खरं वळण लावलं ते बोअर गेज आणि मायक्रोमीटर या बारीक मापाच्या साधनांनी. ‘धूर मारतंय, किट (पिस्टन, रिंगा आणि सिलिंडरची आतली नळी म्हणजे लायनर, यांचा संच) बसवून द्या’ म्हणत आलेलं इंजिन आम्ही आधी मापतो, भावाचं नंतर बोलतो.

येतात ते ट्रॅक्टर बहुतेक मॅसी १०३५, बी-२७५, स्वराज ७३५, अधूनमधून एखादा जुना एचएमटी. आखाजीपासून मृगापर्यंत दारात रांग असते. त्या घाईत फुल इंजिनचं काम घेणं आम्ही बंद केलं आहे. ते रब्बी निघाल्यावर लगेच आणावं.

आपल्याकडे इंजिन मरतं ते मुख्यतः धुळीने. काळ्या मातीत रोटाव्हेटर चालला की बारीक धूळ उडते. एअर क्लीनरच्या ऑइल बाथमध्ये (धूळ धरणाऱ्या तेलाच्या भांड्यात) तेल कमी असलं किंवा क्लीनर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) हा रबरी पाइप चिरलेला असला, की ती थेट सिलिंडरमध्ये जाते. खूण सोपी आहे. वरची रिंग खालच्यांपेक्षा जास्त झिजलेली आणि लायनरच्या वरच्या टोकाला नख अडकेल एवढी कड. म्हणून ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका धूर येत असेल तर हेड काढण्याआधी आम्ही तो पाइप बघतो. तो तसाच ठेवून नवं किट टाकलं, तर दोन हंगामांत पुन्हा तेच.

बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, तीन उंचींवर, प्रत्येक उंचीला आडवा-उभा मापायचा. झीज साधारण ०.२० मिमीच्या आत असेल, तर होनिंग (आतली भिंत दगडाने हलकी घासणं) आणि नव्या रिंगांवर काम भागतं. त्यापुढे मात्र बोरिंग किंवा नवी स्लीव्ह, म्हणजे लायनरच. मॅसीच्या इंजिनात ड्राय स्लीव्ह (पाण्याला न लागणारी) असते. ब्लॉकमध्ये प्रेसने बसवताना ती थोडी आवळते, म्हणून आधी बसवायची आणि मगच पिस्टनच्या मापाला बोअर करायची. होनिंगच्या रेषा एकमेकींना तिरक्या छेदल्या पाहिजेत. गुळगुळीत भिंतीवर तेल थांबत नाही. त्यानंतर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुवायचा. नुसत्या डिझेलने पुसलं तर होनिंगची पूड रेषांत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. तेल लावलेलं पांढरं फडकं फिरवून ते काळवंडणं थांबेपर्यंत आमचा कारागीर पिस्टनला हात लावत नाही.

एचएमटीच्या झेटर इंजिनात वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारा). तिथे लायनरची कॉलर ब्लॉकच्या वर किती उभी राहते ते डायल गेजने बघावं लागतं. पुस्तकातल्या मापापेक्षा कमी राहिली तर गॅसकेट दाबली जात नाही आणि पाणी झिरपतं. ओ-रिंगला साबणाचं पाणी लावून लायनर बसवायचा, मग संप (खालचं तेलाचं भांडं) चढवण्याआधी जॅकेटमध्ये (लायनरभोवतीच्या पाण्याच्या जागेत) पाणी भरून रात्रभर ठेवायचं आणि झिरपतं का ते बघायचं. बोअरवेलचं जड पाणी रेडिएटरमध्ये टाकायची सवय इथे सगळीकडे आहे. त्याने जॅकेटमध्ये क्षार जमतो आणि लायनरची बाहेरची बाजू खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ली जाते. कूलंट महाग वाटतो, लायनर त्याहून महाग पडतो. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, त्यामुळे त्याचे पार्ट आधी हातात घेऊन मापल्याशिवाय आम्ही इंजिन उघडत नाही.

क्रँकचं बेअरिंग काढून बघितलं आणि तांबं उघडं पडलेलं दिसलं, तर नुसती नवी बेअरिंग टाकणं फुकट. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग) मापून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइज (कमी मापाला) ग्राइंडिंग करावं लागतं. ग्राइंडिंगमध्ये जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राहिलीच पाहिजे. तिथे धार आली की क्रँक नेमका तिथून तुटतो. तेलाच्या वाटांचे प्लग काढून आतला गाळ तारेने आणि हवेने साफ करायचा. बाजारात हे काम सर्रास टाळलं जातं, कारण बाहेरून दिसत नाही.

हेडवर दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधली चीर घासलेट आणि खडूने बघतो. डिझेल पंप आणि नोझल मात्र बेंचवर कॅलिब्रेट करायला त्याच कामाच्या माणसाकडे देतो.

इंजिन बांधून झाल्यावर गिऱ्हाईक आप्पा-नानांना एकच विनंती असते: तासन्‌तास आयडलवर चालवत ठेवू नका, रिंगा भिंतीला नीट बसत नाहीत. आधी रिकामी ट्रॉली, मग हलकं वखर, रोटाव्हेटर पहिले ५० तास नको. ५० तासांनी ट्रॅक्टर परत आणला की ऑइल-फिल्टर बदलून, हेडचे बोल्ट आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा बघून देतो. त्याची मजुरी मूळ बिलातच धरलेली असते, तेलाचे पैसे तेवढे वेगळे.