देवमाशाच्या तेलाची खतावणी

अमेरिकेतल्या मिस्टिक गावच्या धक्क्याला लागलेलं 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हे जुनं जहाज पहिल्या नजरेत काही फार मोठं वाटत नाही. लांबी शंभर फुटांहून थोडी जास्त. पण 1841 साली न्यू बेडफर्डला पाण्यात उतरलेल्या या जहाजाने 1921 पर्यंत देवमाशांच्या शिकारीच्या 37 सफरी केल्या. अमेरिकेच्या एवढ्या मोठ्या व्हेलिंग ताफ्यातलं आज उरलेलं लाकडी जहाज हे एकच. बहिणीचा मुलगा कनेक्टिकटमध्ये राहतो, त्याने गाडी काढली म्हणून हा योग आला.

डेकवर चढल्यावर मधोमध विटांची भट्टी दिसते, तिच्यात दोन भल्यामोठ्या लोखंडी कढया. चरबीचे तुकडे त्यात कढवून तेल काढायचं आणि पिंपांत भरायचं. लाकडी जहाजावर भट्टी! खालचा डेक पेटू नये म्हणून विटांच्या तळाशी पाणी भरलेला उथळ हौद असे. सरपणाची मात्र चिंता नव्हती. एकदा आग धरली की तेल निघून गेलेली चरबीची चिप्पटंच भट्टीत टाकायची. माशाचं तेल माशाच्याच सरपणावर. त्या धुराचा वास कित्येक दिवस कपड्यांतून जात नसे म्हणतात.

खालच्या मजल्यावर कंबरेत वाकूनच चालावं लागतं. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, खलाशांच्या झोपायच्या फळ्या, एकीवर एक, उजेड जवळपास नाहीच. त्याच जहाजाच्या मागच्या टोकाला कॅप्टनची खोली, आणि तिथे एक झुलता पलंग. जहाज कितीही कललं तरी पलंग सपाट राहावा अशी सोय. 1860 च्या दशकात कॅप्टन लँडर्स यांनी बायको लिडियासाठी तो करवून घेतला होता. दोन्ही टोकांमधलं अंतर पावलांत मोजता येतं, पण खरं अंतर हिशेबाच्या वहीत दिसतं. बँकेत जन्म घालवल्यामुळे असेल, मला त्या वहीचंच जास्त कुतूहल होतं.

या धंद्यात पगार नव्हता, वाटा होता. सफर संपल्यावर तेल-हाडांचे जे पैसे येतील त्यातला ठरलेला अंश. कॅप्टनला बाराव्या-पंधराव्या हिश्शाच्या आसपास, आणि पहिल्यांदाच समुद्रावर निघालेल्या पोराला 175 वा, 200 वा किंवा त्याहून लहान. 'मॉर्गन'ची पहिली सफर सप्टेंबर 1841 ते जानेवारी 1845 अशी झाली, माल साधारण 53 हजार डॉलरचा. धक्क्यावरच्या बाकावर बसून मी भागाकार केला. 175 वा हिस्सा म्हणजे जेमतेम 300 डॉलर. चाळीस महिन्यांनी भागा, महिन्याला साडेसात.

"मामा, जहाज बघायला आलोय आपण, ऑडिट करायला नाही," भाचा म्हणाला.

पण खरी मेख पुढेच आहे. ते 300 हातात कुठे यायचे? निघण्याआधी कपडेलत्त्यासाठी घेतलेली उचल, तिच्यावर व्याज. जहाजावरच्या पेटीतून घेतलेला शर्ट, बूट, तंबाखू, सुरी. भाव कॅप्टन सांगेल तो. औषधाच्या पेटीचा आकार, माल चढवण्या-उतरवण्याचा आकार. सगळं नावे पडत जायचं. तीन-चार वर्षं समुद्रावर काढून किनाऱ्यावर देणेकरी म्हणून उतरलेले खलाशी या वह्यांत सापडतात. उचल, मुकादम आणि हंगाम संपला तरी न फिटणारी बाकी हे ऊसतोड कामगाराच्या घरी कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. जो कंटाळून वाटेतल्या बेटावर पळून गेला, त्याचा वाटा बुडीत, म्हणजे मालकाच्या पदरात. पळणारे पुष्कळ होते.

मालकांची बाजूही न सांगून चालणार नाही. एक जहाज बुडालं तर सर्वस्व जाऊ नये म्हणून प्रत्येक जहाजाचे 16, 32, 64 असे हिस्से पाडून ते अनेकांत वाटलेले असत. ज्यांच्या नावाचं हे जहाज ते चार्ल्स मॉर्गन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, सरळमार्गी व्यापारी. पण जहाज अर्धवट असताना एप्रिल 1841 मध्ये कामगारांनी दहा तासांच्या दिवसासाठी संप केला, तेव्हा मालकांचे अध्यक्ष म्हणून विरोधात उभे राहिले तेच. मे महिन्यात साडेदहा तासांवर तडजोड झाली. अर्धा तास मालकांनी राखला!

दुसऱ्या दिवशी न्यू बेडफर्ड. 1857 मध्ये या एका गावाची 329 व्हेलिंग जहाजं होती. जॉनी केक टेकडीवरच्या संग्रहालयात 'लगोडा' जहाजाची निम्म्या मापाची प्रतिकृती इमारतीच्या आत उभी केलेली आहे. मुलं तिच्यावर धुडगूस घालत होती. मी मात्र लॉगबुकांपाशी रेंगाळलो. रोजचा वारा, अक्षांश-रेखांश, शिडं कुठली चढवली, एवढंच रुक्ष लिखाण, आणि समासात देवमाशाचा शिक्का. अख्खा मासा म्हणजे मारला. पोटात कोरी जागा सोडलेली, तिथे किती पिंपं तेल निघालं तो आकडा. नुसती शेपटी म्हणजे हातचा निसटला. एका पानावर शेपट्याच शेपट्या पाहिल्या आणि मला उगाच बरं वाटलं. वाऱ्याच्या त्या नोंदी आता हवामानाचे अभ्यासक वापरतात. हिशेबासाठी नव्हे तर शिस्तीसाठी लिहिलेल्या ओळी शेवटी अशा कामाला आल्या.

1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेल लागलं आणि दिव्यांसाठी देवमासा लागेनासा झाला. 1871 मध्ये आर्क्टिकच्या बर्फात 33 जहाजं सोडून द्यावी लागली. बाराशेहून जास्त माणसं, बायकामुलांसकट, एकूण एक वाचली, पैसा बुडाला. तरी धंदा चालूच राहिला, कारण कॉर्सेटच्या, म्हणजे बायकांच्या कंबर आवळणाऱ्या घट्ट चोळीच्या, काड्यांना देवमाशाच्या जबड्यातली लवचीक 'हाडं' लागत. आपल्याकडे 'व्हेलची उलटी पकडली' अशा बातम्या पेपरात येतात, तो अंबरग्रीसही या वह्यांत जमेला असतो, क्वचितच, पण मोठ्या रकमेने.

परतताना गावच्या सार्वजनिक वाचनालयासमोर लुईस टेंपल यांचा पुतळा दिसला. हे कृष्णवर्णीय लोहार. 1848 च्या सुमारास त्यांनी भाल्याचं असं टोक घडवलं की माशाच्या अंगात शिरलं की आडवं फिरून अडकून बसायचं. शेपटीच्या शिक्क्यांची संख्या त्यामुळे नक्कीच घटली असणार. टेंपल यांनी पेटंट घेतलं नाही, गावातल्या प्रत्येक लोहाराने तसंच टोक बनवून विकलं. 1854 मध्ये ते वारले तेव्हा जी काही मालमत्ता होती ती देणी भागवण्यातच गेली.